ऑक्टोबर उलटण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात पाऊस कमी झाला की दर वेळी एकच वाद पेटतो: नाशिक आणि अहिल्यानगरच्या धरणांतून खाली मराठवाड्यात पैठणच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडायचं की नाही? वरच्या बाजूला आंदोलन, खालच्या बाजूला आंदोलन, आणि दरम्यान दिवस निघून जातात. मला आज बोलायचंय ते या निघून जाणाऱ्या दिवसांबद्दल.

हा काही दोन राज्यांमधला तंटा नाही. पैठणपर्यंतचं गोदावरीचं पाणी महाराष्ट्रानं वापरावं, हे 1975 साली आंध्र प्रदेशाबरोबर ठरलं, आणि 1980 मध्ये गोदावरीच्या पाणीतंट्यासाठी नेमलेल्या बच्छावत लवादानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे वाटेकरी सगळे घरचेच.

वाटणी कशी करायची, हेही ठरलेलं आहे. 2005 चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा सांगतो, की टंचाईची झळ सगळ्यांना सारखी बसावी. त्यासाठी खरिपाचा वापर धरून ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत वापरण्याजोग्या पाण्याचं शेकडा प्रमाण साधारण सारखं असावं. शासनानं नेमलेल्या मेंढेगिरी समितीनं त्याचं गणित मांडलं. 2014 साली प्राधिकरणाचा आदेश निघाला, आणि 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. जायकवाडीचा उपयुक्त साठा ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत 65 टक्क्यांच्या आत असेल, तर वरून पाणी सोडायचं, असा 2014 च्या त्या आदेशातला हिशेब.

मग अडतं कुठे? 2023 चं उदाहरण घ्या. 8.6 टीएमसी, म्हणजे 8.6 अब्ज घनफूट, पाणी सोडण्याचा आदेश निघाला 30 ऑक्टोबरला. पुन्हा हरकती, पुन्हा न्यायालय. पाणी प्रत्यक्ष सुटलं ते नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात.

या उशिराची किंमत नदीच्या पात्रात दिसते. पावसाळा संपता संपता पात्र ओलं असतं, डोह भरलेले असतात. सोडलेलं पाणी वरच्यावर पुढे सरकतं. नोव्हेंबरअखेर तेच पात्र कोरडं पडलेलं असतं. आधी वाळू पिते, मग डोह भरतात, आणि उरेल ते नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, पोचतं. वाटेतल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात. नदीकाठच्या मोटारी चालू नयेत म्हणून वीज तोडली जाते, आणि ज्याच्या विहिरीला स्वतःचं पाणी आहे, त्याचीही मोटार त्यात बंद पडते. हा राग मग खालच्या शेतकऱ्यावर निघतो. त्याचा यात काय दोष?

एक टीएमसी म्हणजे जवळजवळ 2,830 कोटी लिटर. यातला थोडासा हिस्सा वाळूत जिरला, तरी तो ना निफाडच्या द्राक्षाला मिळाला, ना परभणीच्या हरभऱ्याला.

आणि शेतकरी आदेशाची वाट बघत थांबू शकत नाही. नाशिककडे ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी होते. ती झाल्यावर पाणी तोडलं तर वर्षाचं पीक जातं. खाली जायकवाडीच्या 208 किलोमीटरच्या डाव्या कालव्याच्या शेपटाला बसलेल्या माणसाला पहिलं आवर्तन मिळणार की नाही, हे पेरणीआधी कळायला हवं. नाहीतर तो ज्वारीवर भागवेल की गहू टाकेल, हे ठरवणार कशाच्या भरवशावर?

जायकवाडीवरही काही जबाबदारी येते, हे मराठवाड्यानं मोकळेपणानं मान्य करावं असं मला वाटतं. पसरट, उथळ जलाशय आहे तो. उन्हात फार पाणी उडून जातं. आणि वर काय, खाली काय, टंचाईच्या वर्षीही ऊस तसाच उभा राहणार असेल, तर कुठलीच टक्केवारी पुरणार नाही.

धरणांचे साठे जलसंपदा विभाग रोज मोजतो. मग 15 ऑगस्टपासून दर आठवड्याला सांगावं: गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा, निळवंडे इतके टक्के, जायकवाडी इतके टक्के, पाऊस इथेच थांबला तर अमुक धरणातून इतकं पाणी सुटेल. हरकती सप्टेंबरात ऐकाव्यात. आणि रेडिओवर आपण रोज बाजारभाव ऐकतो, तसे हे आकडेही ऐकायला मिळावेत, छाटणीची कात्री आणि पेरणीची पाभर हातात घेण्याआधी.

नमस्कार.