फुगडीत कोपरं वाकवू नका गं बायांनो!

नमस्कार मंडळी! श्रावण तोंडावर आला आणि कमेंटमध्ये एकच धोशा: 'ताई, सोसायटीत मंगळागौर आहे, आमच्यातलं कुणीच कधी खेळलेलं नाही, 4 दिवसांत काय बसेल?' झिम्मा बसेल, पिंगा बसेल. गाडी अडते फुगडीपाशी. म्हणून आज फक्त दोघींची साधी फुगडी. बस फुगडी, दंड फुगडी आज मागू नका.

उभं कसं राहायचं ते पटकन सांगते. समोरासमोर, पायांचे चवडे एकमेकींना जवळजवळ भिडलेले. उजव्या हातात उजवा, डाव्यात डावा, हातांची आपोआप कात्री होते. अंगठ्या आणि काचेच्या बांगड्या काढून ठेवा. फरशीवर मोजे नकोत. दोघींनी आपापल्या डावीकडे जायचं. 'आपापल्या' म्हणतेय हं! एक डावीकडे, एक उजवीकडे, की जागच्या जागी गुंता.

आता खरी गोम. मागे रेला. हात ताठ, कोपरं सरळ, सगळा भार टाचांकडून मागे. नवख्या बायका नेमकं उलटं करतात: पडायची भीती वाटते, म्हणून कोपरं वाकवून समोरचीला जवळ ओढतात. मग फुगडी होत नाही, भाजी मंडईतली ओढाओढ होते.

ह्या आमच्या जाऊबाई, आजचं गिऱ्हाईक. बघा, मी कोपरं वाकवते... गुडघ्यावर गुडघा आपटला. आता हात ताठ, दोघी मागे... झाली की नाही भिंगरी? पाय काही वेगळं करत नाहीयेत. छोटी छोटी पावलं, बस्स.

तरी पटत नसेल तर घरी एकट्यानं करा: खिडकीचे पक्के गज धरा, पाय भिंतीशी आणि हात ताठ ठेवून मागे रेला. गज तुम्हाला धरून ठेवतात ना? फुगडीत तेच काम जोडीदारीण करते, आणि तिच्यासाठी तुम्ही.

एकीनं विचारलंय, 'माझं वजन 82, मैत्रीण 50 किलोची, जमेल का?' जमेल. जड असेल तिनं कमी रेलायचं, हलकीनं जास्त. पण कोपरं? दोघींची सरळ. खाली कुणीतरी 'आता डाएट करा' लिहून गेलंय. अहो दादा, तुम्हाला कुणी विचारलं होतं? वारीत पुरुषही फुगडी घालतात. या एकदा, मग बोला.

चक्कर येते म्हणता, तर जमिनीकडे आणि भिंतीकडे बघू नका. समोरचीच्या टिकलीकडे बघा. ती तुमच्याबरोबर फिरतेय, म्हणून एवढी एकच गोष्ट जागेवर दिसते.

आणि थांबताना हात सोडायचे नाहीत! माझ्या पहिल्याच मंगळागौरीत समोरचीला हसू आलं आणि तिनं हात सोडले. मी थेट पाटावर रचलेल्या पत्रीच्या ढिगात. बेल, आघाडा, दूर्वा, सगळं नऊवारीत. सासूबाई म्हणाल्या, 'देवीच्या आधी हिलाच वाहिली.' तेव्हा थांबायचं असलं की तोंडानं 'पुरे' म्हणा, पावलं हळू करा, पूर्ण थांबा, सरळ उभ्या राहा आणि मगच बोटं सैल करा.

जाऊबाई, या परत. आता जोरात घालू. आणि तुमचं ते कोपर...!