महापुरात निरोप पोचवणारी माणसं

(कोल्हापुरात नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. जुलै लागला की सकाळी पहिला प्रश्न असतो, "आज किती फूट?" २०१९ च्या ऑगस्टमध्ये हे पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांच्याही वर. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला. पाण्याचे फूट आपण मोजतो, राधानगरीचे सातपैकी किती स्वयंचलित दरवाजे उघडले तेही मोजतो. पण कुठल्या गावाचा संपर्क कुठल्या तासाला तुटला, याची नोंद कुणी ठेवत नाही. गाव पाण्यानं वेढलं जाणं आणि गाव मुकं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीवर उपाय आहे, तो स्वस्त आहे, आणि आपण तो केलेला नाही. तो उपाय म्हणजे हॅम रेडिओ, हौशी माणसांचा बिनतारी संपर्क. त्याच्याबद्दल मी बोलणार आहे.

आधी हे बघू की फोन बंद का पडतो. लोकांना वाटतं टॉवर बुडाला म्हणून. बऱ्याचदा टॉवर कोरडाच असतो. पाण्यात जातं ते विजेचं उपकेंद्र, किंवा शॉक बसून माणसं मरू नयेत म्हणून भागाची वीज बंद करावी लागते, आणि ती करायलाच हवी. मग टॉवर काही तास बॅटरीवर चालतो, त्यानंतर जनरेटरवर. जनरेटरला डिझेल लागतं, डिझेल न्यायला रस्ता लागतो, आणि रस्त्यावर छातीएवढं पाणी असतं. समजा टॉवरची वीज टिकली, तरी त्याला बाकीच्या जगाशी जोडणारी फायबर केबल रस्त्याच्या कडेनं आणि पुलांवरून गेलेली असते. ती तुटली की मोबाइलवर रेंजच्या दांड्या दिसतात आणि फोन मात्र लागत नाही. आणि जिथं सगळं धड आहे तिथं मुंबई-पुण्यातले सगळे नातेवाईक एकाच वेळी फोन करत असतात, त्यामुळे तिथंही लागत नाही. ही साखळी लांब आहे, आणि तिची एक कडी निखळली तरी पुरतं.

हॅम रेडिओत ही साखळीच नाही. इकडं एक सेट, एक बारा व्होल्टची बॅटरी आणि एक तार, तिकडंही तेवढंच. मधे कुणाची केबल नाही, कंपनी नाही, टॉवर नाही. हॅम म्हणजे सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवलेला हौशी रेडिओ ऑपरेटर. त्याला स्वतःची एक खूण मिळते, तिला कॉलसाइन म्हणतात. आपल्या देशातल्या बहुतेक कॉलसाइन व्हीयू२ किंवा व्हीयू३ नं सुरू होतात. या कामाचे पैसे घेता येत नाहीत. यावर धंदा करता येत नाही, आणि सांकेतिक भाषेत गुपितं बोलता येत नाहीत. जे बोलाल ते सगळ्यांनी ऐकण्यासारखं बोला, असा जगभरचा नियम आहे.

आपल्या जिल्ह्याचा भूगोल या कामाला कसा आहे ते सांगतो, कारण इथं मला सगळ्यात जास्त रस आहे. हातात मावणारा पाच वॅटचा सेट असतो, तो बहुधा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालतो. आम्ही त्याला दोन मीटरचा बँड म्हणतो. या लहरी सरळ रेषेत जातात. शहराच्या पूर्वेला, म्हणजे हातकणंगले, शिरोळ, कुरुंदवाड, नृसिंहवाडी या बाजूला सपाटी आहे. त्यामुळे पन्हाळ्यासारख्या उंच जागी एक माणूस अँटेना लावून बसला तर त्याला खालचा मोठा टापू ऐकू येतो. पन्हाळा समुद्रसपाटीपासून सव्वातीन हजार फुटांच्या आसपास आहे, म्हणजे शहरापेक्षा चांगला हजार फुटांहून वर. प्रयाग चिखलीचा माणूस आणि कुरुंदवाडचा माणूस एकमेकांना ऐकू शकले नाहीत तरी दोघंही पन्हाळ्याला ऐकू जाऊ शकतात, आणि पन्हाळा निरोप इकडून तिकडं देतो. अशा उंचीवर रिपीटर नावाचं यंत्र बसवलं तर हे काम आपोआप होतं. पण यंत्र नसलं तरी वर बसलेला एक जागा माणूस पुरतो.

पश्चिमेला हे जमत नाही. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीचा घाटाकडचा भाग यांत एकामागून एक डोंगर आहेत. तिथं पाच वॅटचा सेट दुसऱ्या वळणापलीकडं पोचत नाही. मग आकाशाचा उपयोग करायचा. जमिनीपासून अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवर हवेचा एक विद्युतभारित थर आहे. सात मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर जवळपास सरळ वर सोडली तर ती या थरावरून परत खाली येते आणि छत्रीसारखी तीनशे किलोमीटरच्या परिघात पसरते. मधला डोंगर तिला आडवा येतच नाही. यासाठी अँटेना उंच लागत नाही, उलट बुटकी हवी. घरगुती वायरचे साधारण दहा-दहा मीटरचे दोन तुकडे घ्यायचे, मधोमध केबल जोडायची, आणि दोन झाडांच्या मधे पाच-सहा मीटरवर ती तार ताणायची. दोरीला दगड बांधून फांदीवरून टाकायचा, दोरी ओढली की तार वर जाते. अर्ध्या तासाचं काम आहे. दिवसा सात मेगाहर्ट्झ, अंधार पडला की साडेतीनच्या पट्ट्यात उतरायचं, कारण रात्री तो थर विरळ होतो आणि वरची लहर परत न येता निघून जाते. पावसानं या लहरींना फारसा त्रास होत नाही. त्रास होतो तो केबलच्या जोडात पाणी शिरल्यानं, म्हणून जोडावर रबरी टेप नीट ताणून गुंडाळायची आणि केबलला खाली एक झोल ठेवायचा, पाणी तिथून ठिबकून जातं.

आणि वीज? प्रत्येक गावात ट्रॅक्टर आहेत. ट्रॅक्टरची बॅटरी बारा व्होल्टची असते आणि इंजिन सुरू केलं की ती परत भरते. पूर आला की लोक जनावरांआधी ट्रॅक्टर उंचावर नेऊन लावतात. आपलं स्टेशन तिथंच उभं करायचं.

हे नुसतं कागदावरचं नाही. १९९३ मध्ये किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हॅम मराठवाड्यात गेले होते. २६ जानेवारी २००१ ला भूजमध्ये टेलिफोन एक्स्चेंजच कोसळलं, तेव्हा बाहेरून आलेल्या हॅमनी निरोपांची वाट उघडली. पण मला नेहमी सांगावंसं वाटतं ते अंदमानचं. तिथं बरीच वर्षं हौशी रेडिओला परवानगी नव्हती. २००४ मध्ये ती मिळाली आणि हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओची तुकडी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअरला गेली. काम निव्वळ हौसेचं होतं, दुर्मीळ जागेवरून जगभरच्या हॅमशी बोलायचं. २६ डिसेंबरला सकाळी जमीन हादरली, पाठोपाठ त्सुनामी आली, आणि बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला. भारतीबाईंनी स्टेशन पुन्हा उभं केलं आणि पोर्ट ब्लेअरचा आवाज मुख्य भूमीपर्यंत नेला. पुढं कार निकोबारलाही ऑपरेटर गेले, आणि तिथली माणसं जिवंत आहेत का हे घरच्यांना कळायला लागलं. हे जमलं कारण सेट, तारा आणि सवय असलेली माणसं त्या दिवशी तिथं आधीच होती. संकट आल्यावर ती पाठवावी लागली असती तर पहिले दिवस, जे सगळ्यात मोलाचे असतात, ते तसेच गेले असते.

आता मुख्य गोष्ट. सेट विकत मिळतो. निरोप देता येणं विकत मिळत नाही.

उदाहरण घ्या. घाईत एखादा ओरडतो, "बावड्याला बोट पाठवा, पन्नास माणसं आहेत." शहरातला माणूस बावडा म्हटलं की कसबा बावडा समजतो. घाटावरच्या माणसाच्या तोंडी बावडा म्हणजे गगनबावडा, पंचावन्न किलोमीटर लांब. तसंच वाडीचं. आपल्यापैकी निम्म्यांच्या डोळ्यांसमोर नृसिंहवाडी आली असेल, पण जोतिबाचं गावही वाडी रत्नागिरीच आहे. चिखली करवीरमध्ये आहे आणि कागलमध्येही. बोट चुकीच्या गावाकडं निघाली तर तीन तास जातात, आणि त्या तीन तासांत पाणी वाट बघत नाही. म्हणून गाव बोलताना तालुका जोडायचाच: "कसबा बावडा, तालुका करवीर." त्यापुढं जागेची खूण: कुठलं देऊळ, कुठली शाळा, कितवा मजला.

आकड्यांचं तर फारच जपावं लागतं. खरखरीत एकोणपन्नास, एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत फरक कळत नाही. म्हणून आकडा सुटा बोलायचा: "चार, नऊ." ऐकणाऱ्यानं तो परत म्हणायचा, आणि बोलणाऱ्यानं "बरोबर" म्हटल्याशिवाय लिहून झालं असं समजायचं नाही. औषधाचं नाव असेल तर एकेक अक्षर. इन्सुलिन हवं म्हणणं पुरेसं नाही. कुठलं, किती, आणि शेवटचा डोस कधी घेतला, हे नसेल तर तिकडचा डॉक्टर काही करू शकत नाही. निरोप आधी कागदावर उतरवायचा, मग बटण दाबायचं. कोण सांगतंय, कुणाला, किती वाजता, कुठून, किती माणसं, काय पाहिजे. वेळ तर हमखास विसरली जाते. वेळ नसलेला निरोप दोन तासांनी दुसऱ्या माणसाकडून पुन्हा येतो, आणि एकाच कुटुंबासाठी दोन बोटी निघतात.

सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात, या जाळ्याला आम्ही नेट म्हणतो. म्हणून कुणी कधी बोलायचं हे ठरवणारा एक जण असतो, तो नेट कंट्रोल. तालमीत वस्ताद बोलत असताना कुणी मधे तोंड घालत नाही, तशी शिस्त इथं लागते. नेट कंट्रोल नाव पुकारेल त्यानंच बोलायचं. जिवावर बेतलेला निरोप पहिला, मग औषधं आणि अन्न, मग "आम्ही सुखरूप आहोत" असे निरोप. जिवावरचं असेल तरच "ब्रेक, ब्रेक" म्हणून मधे शिरायचं. आणि कुणाचा मृत्यू झाला असेल तर त्याचं नाव हवेत बोलायचं नाही. हे सगळ्यांना ऐकू जातं. कुठल्याही आईला लेकाची बातमी रेडिओच्या खरखरीतून कळू नये.

हॅमनी काय करायचं नाही तेही स्पष्ट सांगतो. पोलिसांची स्वतःची वायरलेस आहे, एनडीआरएफ आणि लष्कराचे स्वतःचे सेट आहेत. त्यांचं काम आपण करायचं नाही. पाण्यात उडी घ्यायची नाही. आपली जागा मधे आहे: ज्या गावात यांपैकी कुणीच पोचलेलं नाही ते गाव आणि जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष यांच्या मधे. एक हॅम कक्षात अधिकाऱ्याच्या शेजारी बसलेला हवा, नाहीतर बाहेरचे दहा जण बोलत राहतील आणि ऐकून निर्णय घेणारा कुणी नसेल. आणि त्या अधिकाऱ्यानं त्या हॅमला ओळखलेलं असायला हवं. ऑगस्टच्या मध्यरात्री, पाणी चढत असताना, अनोळखी माणूस सेट घेऊन दारात उभा राहिला तर त्याला आत कोण घेईल? घेऊही नये. ही ओळख एप्रिल-मेमध्येच व्हायला पाहिजे. कागदोपत्री, आणि शक्यतो एकदा तालुक्याच्या ठिकाणी प्रत्यक्ष सराव करून.

माझी मागणी मोठी नाही. करवीर, पन्हाळा, हातकणंगले आणि शिरोळमधल्या पुराच्या गावांच्या प्रत्येक टापूत एक परवानाधारक माणूस हवा. शिक्षक असेल, दूध संस्थेचा सचिव असेल, तालमीचा कार्यकर्ता असेल. गावातच राहणारा हवा, कारण पूर आल्यावर शहरातून कुणी तिथं जाऊ शकत नाही. आपल्याकडं पुरात माणसं काढायला गुऱ्हाळाच्या काहिली पाण्यात सोडणारे लोक आहेत. धाडसाची इथं वाण नाही. त्या माणसांच्या कानाशी एक सेट हवा, आणि तो वापरायची सवय.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली: आता सॅटेलाइट फोन आहेत, मग हे कशाला? सॅटेलाइट फोनला आपल्या देशात सरकारची वेगळी परवानगी लागते आणि ते मोजक्याच हातांत असतात. शिवाय फोनवर दोघंच बोलतात. नेटवर एक गाव बोलतं तेव्हा बाकीची वीस गावं ऐकत असतात. वरच्या गावानं सांगितलं की पाणी तासात हातभर चढलं, तर खालच्या गावाला वेगळा निरोप द्यावा लागत नाही.

दुसरी: परवाना न काढता सेट घेऊन ठेवला तर चालेल का? नाही. तो कायद्यानं गुन्हा आहे. त्याहून वाईट म्हणजे न शिकलेला माणूस नेमका नको त्या फ्रिक्वेन्सीवर बटण दाबून बसतो आणि त्याखाली खरा निरोप गाडला जातो. परवाना केंद्राचा दूरसंचार विभाग देतो. रेडिओची तत्त्वं आणि नियम एवढाच अभ्यास आहे, बारा वर्षांच्या पुढं कुणालाही परीक्षा देता येते, आणि सुरुवातीच्या श्रेणीला मोर्सही, म्हणजे टिंब-रेषांची लिपीही, लागत नाही. ज्यांना अभ्यास करायचा आहे त्यांनी बाहेरच्या वहीत नाव आणि गाव लिहा, तालुक्यासकट. येत्या रविवारी सकाळी पन्हाळ्यावर तार बांधायची आहे. कुणाकडं लांब नायलॉनची दोरी असेल तर घेऊन या.