रेणू हलतो तेव्हा कुठला बिंदू हलत नाही?

(खानापूर येथे बीएस्सीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

तुमच्यातले बरेच जण दहावीपर्यंत मराठी शाळेत होते, पीयूसीला (अकरावी-बारावीला) इंग्रजी पुस्तक हातात आलं आणि आता बीएस्सीत रिड्यूस्ड मासचं, म्हणजे दोन अणूंच्या कंपनाच्या हिशेबात धरायच्या एका वस्तुमानाचं, सूत्र समोर आलंय. दोन वस्तुमानांचा गुणाकार भागिले बेरीज. पाठ होतं, मार्कही मिळतात. पण दोन अणू मिळून वस्तुमान दोघांपेक्षाही कमी कसं भरतं, हे कुणी विचारत नाही.

दोन अणूंमधला बंध म्हणजे एक स्प्रिंग समजा. घरात कुणी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वर्कशॉपला जात असेल तर विचारा, स्प्रिंग कापून अर्धी केली की मऊ होते की कडक? कडक. दुप्पट कडक.

आता हायड्रोजनचा रेणू घ्या. दोन्ही अणू सारखे, एकाच वेळी जवळ येतात, एकाच वेळी लांब जातात. बंधाचा मधला बिंदू जागचा हलत नाही. म्हणजे प्रत्येक अणूच्या वाट्याला अर्धीच स्प्रिंग, दुप्पट कडक. कडकपणा दुप्पट धरा किंवा वस्तुमान निम्मं धरा, कंपनाचा वेग तोच. पुस्तक दुसरा हिशेब धरतं आणि (हायड्रोजनच्या एका अणूचं वस्तुमान १ धरून) ०.५ लिहितं. बस्स, एवढंच आहे ते.

हायड्रोजन क्लोराइडमध्ये क्लोरीन ३५ पट जड. हायड्रोजन ३५ भाग सरकला तर क्लोरीन १ भाग. न हलणारा बिंदू जवळजवळ क्लोरीनपाशीच. हायड्रोजनला ३६ पैकी ३५ भाग स्प्रिंग मिळते, म्हणून रिड्यूस्ड मास ३५ भागिले ३६, सुमारे ०.९७. तरंगसंख्या, म्हणजे हा रेणू शोषतो त्या प्रकाशाच्या एका सेंटिमीटरात बसणाऱ्या लाटा, २८८६; प्रकाशाच्या वेगाने गुणलं की सेकंदाला सुमारे साडेशहाऐंशी लाख कोटी कंपनं!

हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे दुप्पट जड हायड्रोजन, घाला. बंध तोच, स्प्रिंग तीच. रिड्यूस्ड मास मात्र १.८९. कंपन वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात मंदावतं, म्हणून २८८६ ला १.८९ भागिले ०.९७ च्या वर्गमुळाने भागलं की २०७० च्या आसपास येतं. मोजलं तर २०९१. हा थोडा फरक सूत्राचा दोष नव्हे. खरा बंध ताणला की ढिला पडत जातो, आदर्श स्प्रिंगसारखा वागत नाही.

आता परीक्षेत हमखास चुकणारा प्रश्न. हायड्रोजन फ्लोराइडची तरंगसंख्या ३९६१, हायड्रोजन आयोडाइडची २२३०. का? दहातले नऊ जण लिहितात, "आयोडीन जड आहे म्हणून." करून बघा की! फ्लोराइडचा रिड्यूस्ड मास ०.९५, आयोडाइडचा ०.९९. एवढ्या फरकाने तरंगसंख्या सुमारे दोन टक्के उतरेल, ३९६१ ची ३८८० च्या आसपास. उरलेली सगळी घसरण बंधाची आहे. उलटा हिशेब मांडा: आयोडाइडच्या स्प्रिंगचा कडकपणा फ्लोराइडच्या जेमतेम एक तृतीयांश भरतो.