'मी म्हणतो' : आफ्रिकेतल्या अक्षरांची गोष्ट

नमस्कार, श्रोते हो.

सुरुवातीलाच एक छोटा शब्द ऐका. 'सो'. पश्चिम आफ्रिकेत माली, गिनी, आयव्हरी कोस्ट या देशांमध्ये मांडिंग कुळातल्या भाषा कोट्यवधी लोक बोलतात. त्यांतली एक बांबारा. बांबारात 'सो' वरच्या सुरात म्हटला की त्याचा अर्थ घर. हाच 'सो' खालच्या सुरात म्हटला की घोडा. जीभ तीच, ओठ तेच, बदलतो तो गळ्यातला सूर. रोमन लिपीत नुसती दोन अक्षरं लिहिली, तर वाचणाऱ्याने काय समजायचं? माणूस घरी गेला की घोड्याकडे?

या प्रश्नापायी एका माणसाने आपल्या आयुष्याची काही वर्षं खर्ची घातली. त्याचं नाव सोलोमाना कांते. जन्म 1922चा, गिनीमधल्या कांकान शहराच्या परिसरातला. वडील कुराण शिकवायचे, त्यामुळे अरबी घरातच होती. तरुणपणी कांते आयव्हरी कोस्टमध्ये व्यापाराला गेले. माल होता कोलाचा. कोला म्हणजे तिथल्या झाडाचं कडवट-तुरट बी. पाहुणा आला की त्याच्या हातावर ठेवायचं, लग्न ठरवताना द्यायचं. आपल्याकडे सुपारीला जो मान आहे, तोच तिथे कोलाला.

1944 साली ब्वाके शहरात त्यांच्या हाती एका लेबनीज पत्रकाराचं अरबी पुस्तक पडलं. त्यात लिहिलं होतं की आफ्रिकी लोकांच्या भाषा म्हणजे पाखरांचा किलबिलाट, त्या लिहून ठेवता येणारच नाहीत. कांते स्वतः अरबी वाचणारे, लिहिणारे. जी लिपी त्यांनी आदराने शिकली होती, त्याच लिपीत त्यांच्या आईच्या भाषेचा हा अपमान छापलेला होता. मला वाटतं, घाव खोल गेला तो त्यामुळेच.

खरं तर ते विधान धडधडीत खोटं होतं. इथिओपियात गीझ लिपीत लिहिण्याची परंपरा दीड हजार वर्षांहून जुनी आहे. मालीतल्या तिंबुक्तूमध्ये पिढ्यान् पिढ्या घराघरांत पेट्या भरून हस्तलिखितं जपली गेली. लायबेरियात 1830च्या दशकात मोमोलू दुवालू बुकेले यांनी वाई भाषेसाठी लिपी तयार केली, तिच्यात उच्चारातल्या एकेका अक्षराला एकेक चिन्ह. कॅमेरूनमधल्या फुम्बान इथले राजे न्जोया यांनी 1896च्या सुमारास आपल्या बामुम भाषेची लिपी घडवायला घेतली. सुरुवातीला चिन्हं पाचशेच्या घरात होती. राजा वर्षानुवर्षं ती घासूनपुसून कमी करत गेला आणि शेवटी ऐंशीच्या आसपास आणली. त्या लिपीत राज्याचा इतिहास लिहिला, औषधं लिहिली, शाळा काढल्या. फ्रेंच आले, त्यांनी त्या शाळा बंद पाडल्या आणि 1931मध्ये राजाला याउंदेला हद्दपार केलं. 1933मध्ये तिथेच तो वारला. आफ्रिकेला लिपी नव्हती, असं आपणही शाळेत ऐकत आलो आहोत. ज्यांच्या शाळांना कुलपं लावली गेली, त्यांच्याविषयी असं बोलायला जीभ कशी धजते?

समुद्रापलीकडची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ओमर इब्न सईद. सेनेगल नदीकाठच्या फुता तोरोमधला शिकलेला, विद्वान माणूस. 1807 साली त्याला गुलाम म्हणून अमेरिकेतल्या चार्ल्स्टन बंदरात उतरवलं. पुढे तो धन्याकडून पळाला, पकडला गेला, आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या फेएटव्हिल गावात कोठडीत पडला. तिथे त्याने कोळशाचा तुकडा उचलला आणि भिंतीवर अरबीत लिहायला सुरुवात केली. लोक बघायला जमले. ज्याला त्यांनी मुका राबणारा समजलं होतं, त्याच्या हातून उजवीकडून डावीकडे ओळींमागून ओळी उतरत होत्या. 1831 साली त्याने आपली जीवनकथा अरबीतच लिहिली. ते हस्तलिखित आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.

आता पुन्हा ब्वाकेला येऊ. कांते यांनी आधी अरबी अक्षरं वापरून पाहिली. स्वर पुरेनात. मग रोमन पाहिली. सूर निसटत होता. शेवटी त्यांनी स्वतःचीच लिपी मांडली आणि 14 एप्रिल 1949 रोजी ती पुरी झाली. असं सांगतात, की त्यांनी निरक्षर माणसांना मातीत रेघ ओढायला लावली. बहुतेकांचं बोट उजवीकडून डावीकडे सरकलं, म्हणून लिपीही तशीच ठेवली. लिपी कोणासाठी करायची हे त्यांच्या मनात किती पक्कं होतं, ते या गोष्टीत दिसतं.

अक्षरं 27. सात स्वर, 19 व्यंजनं आणि एक स्वतंत्र अनुनासिक. 'अ' म्हणजे सरळ उभी रेघ, अगदी आपल्या कान्यासारखी. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली असतात. इथे उलट, ती तळाच्या रेषेवर एकमेकांना धरून उभी असतात. आकडेसुद्धा उजवीकडूनच लिहायचे, म्हणजे 1949 लिहिताना सहस्राचा 1 सगळ्यांत उजवीकडे. आणि खरी करामत स्वरांच्या डोक्यावर आहे. तिथल्या एकाच खुणेत सूर वर आहे, खाली आहे की चढतो आहे, हे कळतं आणि स्वर ऱ्हस्व की दीर्घ तेही कळतं. घर वेगळं झालं, घोडा वेगळा झाला.

लिपीला नाव दिलं 'न्को'. 'न्' म्हणजे मी, 'को' म्हणजे म्हणतो. मांडिंग भाषा गावागणिक बदलतात, पण 'मी म्हणतो' हे सगळीकडे 'न्को'च. कोणाचीही बोली मोठी नाही, कोणाचीही धाकटी नाही, असं नाव. 'पाखरांचा किलबिलाट' म्हणणाऱ्याला इतकं नेमकं उत्तर मी दुसरं ऐकलेलं नाही.

1958मध्ये गिनी स्वतंत्र झाला. आता तरी सरकार ही लिपी उचलून धरेल, असं कोणालाही वाटावं. तसं झालं नाही. सेकू तुरे यांच्या सरकारने देशी भाषांच्या शिक्षणासाठी रोमन लिपीच निवडली. पण कांते थांबले नाहीत. कुराणाचा अनुवाद, व्याकरण, शब्दकोश, इतिहास, झाडपाल्याची औषधं, सगळं न्कोमध्ये लिहीत राहिले. त्यांची पुस्तकं हाताने उतरवून घेतली जायची. शिकलेल्याने दुसऱ्याला शिकवायचं. बाजारात, दुकानाच्या मागच्या खोलीत, फळ्यावर खडूने. कांते 1987 साली गेले. त्यांच्या हयातीत लिपीच्या पाठीशी सरकार उभं राहिलं नाही, माणसं राहिली.

आमच्या घरी पणजोबांच्या हातची मोडीतली एक चोपडी आहे. देण्याघेण्याचा हिशेब असावा. ती उघडली की कागद पिवळा, शाई तांबूस, आणि अक्षरांची सलग वळणं दिसतात. आमच्यापैकी एकालाही ती वाचता येत नाही. म्हणून कांते यांच्याविषयी वाचताना माझं मन सारखं त्या चोपडीपाशी जायचं. संगणकांच्या युनिकोड या जागतिक अक्षरसंचात न्कोला 2006 साली जागा मिळाली, आपल्या मोडीला 2014मध्ये.

आणि गिनीतच ही गोष्ट पुन्हा एकदा घडली. 1989 साल, न्झेरेकोरे शहर. इब्राहिमा आणि अब्दुलाये बॅरी हे दोन भाऊ, एक 14 वर्षांचा, दुसरा 10चा. भाषा फुलानी. वडिलांना अरबी येत असे, म्हणून शेजारपाजारचे लोक आपली पत्रं वाचून घ्यायला यायचे. फुलानीत लिहिलेली ती पत्रं अरबी अक्षरांत असत, आणि भाषेतले कितीतरी आवाज त्या अक्षरांत बसतच नसत. वाचताना अडायला व्हायचं. मग ही पोरं खोलीचं दार लावून, डोळे मिटून कागदावर आकार काढू लागली. डोळे उघडून बघायचं, त्यातले बरे वाटतील ते ठेवायचे, एकेकाला आवाज द्यायचा. पहिली विद्यार्थिनी त्यांची बहीण. त्यानंतर बाजार. वह्या हातानेच उतरवायच्या. त्या लिपीचं नाव अदलम. लोकांना नाहीसं होण्यापासून राखणारी वर्णमाला, असा अर्थ असलेल्या शब्दांच्या आद्याक्षरांपासून ते बनलं आहे. पुढे दोघे भाऊ अमेरिकेत गेले, तिथेही पाठपुरावा सोडला नाही, आणि 2016मध्ये अदलमही युनिकोडमध्ये आली.

फुलानी माणसं सेनेगलपासून कॅमेरूनपर्यंत आणि तिथून पार अमेरिकेपर्यंत पांगलेली आहेत. त्यांच्यातलं कोणी आज घरी निरोप पाठवतं, तेव्हा तो वाचून घ्यायला आईला शेजाऱ्याच्या दारात जावं लागत नाही. ती फोन डोळ्यांजवळ धरते आणि उजवीकडून एकेक अक्षर लावत स्वतःच वाचते.

नमस्कार.