केरो : नद्यांनी राखलं, माणसांनी रिकामं केलं

(दृश्य : उंचावरून दिसणारं जमिनीचं टोक. एका बाजूला मिसिसिपीचं मातकट पाणी, दुसऱ्या बाजूला ओहायोचं.)

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचं हे दक्षिण टोक. दोन मोठ्या नद्या जिथे भेटतात, तिथल्या चिंचोळ्या जमिनीवर केरो नावाचं शहर आहे. स्पेलिंग इजिप्तच्या कैरोचं, पण इथली माणसं केरोच म्हणतात. रेल्वेच्या आधीच्या काळात पाण्यावरून जाणाऱ्या व्यापाराचा हा नाका होता. इथे मोठं शहर उभं राहणार, यावर एकोणिसाव्या शतकातल्या अनेकांनी पैसे लावले आणि बुडवलेही.

१८५० च्या दशकात इलिनॉय सेंट्रल रेल्वे इथवर आली. १८५८ मध्ये केरोला शहराचा दर्जा मिळाला. तीन वर्षांत उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांमध्ये यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेच्या बाजूचे जनरल ग्रँट यांनी इथे तळ ठोकला. दक्षिणेतल्या गुलामगिरीतून सुटलेले हजारो कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष याच काळात केरोत पोचले. त्यातले कितीतरी इथेच राहिले, धक्क्यावर आणि गिरण्यांत राबले, त्यांनी चर्च उभारली, शाळा काढल्या. या शहराच्या पुढच्या सगळ्या कहाणीत ते आहेत.

(दृश्य : जुना कमर्शियल ॲव्हेन्यू. दुकानं, ट्राम, गर्दी.)

१९२० च्या जनगणनेत केरोची वस्ती १५,२०३ होती. याहून मोठं ते पुन्हा कधी झालं नाही. १९५० मध्ये १२,१२३. १९७० मध्ये ६,२७७. २००० मध्ये ३,६३२. आणि २०२० मध्ये १,७३३.

बोटी गेल्या, पूल झाले, महामार्गानं शहराला वळसा घातला, म्हणून केरो ओसरलं, असं सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे. पण याच ओहायोच्या काठी, थोडं वर, पडूका आहे. तेही बोटींवरच वाढलं. आज तिथे सत्तावीस हजार लोक राहतात. मिसिसिपीवरचं केप जिरार्डो त्याहून मोठं आहे. त्यामुळे केरोचं काय झालं हे विचारायचं, तर नदीकडे बोट दाखवून भागत नाही.

११ नोव्हेंबर १९०९. विल्यम जेम्स या कृष्णवर्णीय तरुणावर एका गोऱ्या मुलीच्या खुनाचा आरोप होता. खटला उभा राहण्याआधीच हजारोंच्या जमावानं त्याला शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या (जिल्ह्याच्या) पोलीस प्रमुखाच्या, ताब्यातून ओढून नेलं. भर बाजारात, विजेच्या दिव्यांनी उजळलेल्या कमानीला त्याला फाशी दिलं. दोर तुटला, तेव्हा त्याच्यावर गोळ्या झाडल्या. पत्रकार आयडा बी. वेल्स शिकागोहून केरोत आल्या, लोकांशी बोलल्या, पुरावे जमवले. कैदी जमावाच्या हाती पडला तर शेरीफचं पद जातं, असा इलिनॉयचा १९०५ चा कायदा होता. शेरीफ फ्रँक डेव्हिस यांना पद परत मिळावं म्हणून गावातली वजनदार मंडळी राज्यपालांपुढे उभी राहिली. समोर वेल्स होत्या. राज्यपाल डेनीन यांनी डेव्हिसना पद परत दिलं नाही.

(दृश्य : नगरपालिकेची इमारत.)

चार वर्षांनी, १९१३ मध्ये, केरोनं कारभाराची पद्धत बदलली. प्रभागवार नगरसेवकांऐवजी महापौर आणि चार आयुक्त आले, आणि प्रत्येक जागेसाठी सगळ्या शहरानं मत द्यायचं ठरलं. वरवर पाहता यात वावगं काहीच नाही. पण ज्या शहरात गोरे बहुसंख्य आहेत आणि मतं रंगावर पडतात, तिथे या पद्धतीत सगळ्या जागा एकाच बाजूला जातात. कृष्णवर्णीयांची वस्ती हजारोंनी होती, पण नगरसभेत त्यांचा माणूस नव्हता. रस्ता, नोकरी, पोलीस, कशातच त्यांचा शब्द चालत नव्हता. माझ्या मते केरोची खरी पडझड इथून सुरू होते.

१९६२ मध्ये तरुण कार्यकर्ते शहरातल्या पोहण्याच्या तलावापाशी आले. तलाव ‘खासगी क्लब’ होता, म्हणजे फक्त गोऱ्यांचा. पुढे अमेरिकी संसदेचे सदस्य झालेले जॉन लुईस त्या आंदोलनात होते. फुटपाथवर गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या मुलामुलींचं छायाचित्र देशभर गेलं. पुढे तलाव बंद झाला, आणि शेवटी बुजवला गेला. शेजाऱ्याच्या मुलाला पोहू द्यायला नको, म्हणून स्वतःच्या मुलांचंही पाणी घालवलं.

१९६७ मध्ये रॉबर्ट हंट हा रजेवर आलेला एकोणीस वर्षांचा सैनिक पोलीस कोठडीत मृतावस्थेत सापडला. पोलिसांनी आत्महत्या म्हटलं, कृष्णवर्णीय वस्तीनं ते मानलं नाही. शहर पेटलं, नॅशनल गार्ड हे राखीव सैनिकदल आलं. १९६९ मध्ये रेव्हरंड चार्ल्स कोएन यांच्या पुढाकारानं युनायटेड फ्रंट ही कृष्णवर्णीयांची संघटना उभी राहिली. जी दुकानं आम्हाला कामावर ठेवत नाहीत, तिथे आम्ही खरेदी करणार नाही, एवढी साधी भूमिका होती. बहिष्कार काही वर्षं चालला. कितीतरी दुकानदारांनी कृष्णवर्णीय नोकर ठेवण्यापेक्षा दुकानाला टाळं लावणं पत्करलं.

न्यायालयात लढल्यावर १९८० मध्ये प्रभाग परत आले. कृष्णवर्णीय नगरसेवक निवडून येऊ लागले, पुढे महापौरही झाले. पण तोवर वस्ती ६,००० च्या खाली गेली होती.

(दृश्य : मे २०११. पूर. बांधाला टेकलेलं पाणी.)

नद्यांनी धमकावलं खूप, पण गेल्या शंभर वर्षांत केरो बुडालं नाही. १९३७ च्या महापुरात बांध टिकला. २ मे २०११ ला ओहायोची पातळी विक्रमी झाली, तेव्हा लष्कराच्या अभियंत्यांनी पलीकडे मिसूरीत बर्ड्‌स पॉइंटचा बांध सुरुंगानं उडवला. सुमारे १,३०,००० एकर जमीन पाण्याखाली गेली, आणि केरो वाचलं. त्या शेतकऱ्यांचं नुकसानही विसरता येत नाही.

सहा वर्षांनी जे झालं, त्याला नदी कारण नव्हती. एल्मवूड आणि मॅकब्राइड या सरकारी वसाहतींची इतकी दुरवस्था झाली होती, की केंद्राच्या गृहनिर्माण खात्यानं २०१७ मध्ये त्या बंद करायचं ठरवलं. सुमारे चारशे लोकांना घर सोडावं लागलं, त्यात लहान मुलं मोठ्या संख्येनं होती. शहरात भाड्याची घरं नव्हती, त्यामुळे बहुतेकांना गाव सोडूनच जावं लागलं. २०१० ते २०२० या दशकात अलेक्झांडर काउंटीनं ३६ टक्क्यांहून जास्त लोक गमावले, देशातल्या सगळ्या काउंटींमध्ये हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. केरो तिचं मुख्यालय.

आज शहरात सुमारे सत्तर टक्के लोक कृष्णवर्णीय आहेत. किराणा दुकान २०१५ मध्ये बंद पडलं, २०२३ मध्ये लोकांनी सहकारी दुकान उघडलं, पण त्याला पाय रोवणं कठीण गेलं. नदीबंदराची योजना आहे. २०२० मध्ये राज्यानं त्यासाठी ४ कोटी डॉलर जाहीर केले. ते बंदर व्हावं, आणि त्यातल्या नोकऱ्या आधी केरोत टिकून राहिलेल्यांना मिळाव्यात.