जड झालेल्या पेशी

श्रोतेहो, नमस्कार.

एका चंबूत लाखो यीस्टपेशी आहेत. त्यांतल्या अगदी मोजक्या पेशी बिघडलेल्या आहेत. त्या आतल्या आत प्रथिनं तयार करतात, पण ती बाहेर धाडू शकत नाहीत. बाकी सगळ्या धडधाकट. दिसायला सारख्याच. आता या बिघडलेल्या पेशी वेचायच्या कशा? एकेक तपासत बसलं तर आयुष्य पुरायचं नाही.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथं दोघांपुढे हा पेच होता. एक रँडी शेकमन, तिशीच्या आसपासचे, नुकतेच प्राध्यापक झालेले. दुसरा त्यांचा विद्यार्थी पीटर नोविक. बिघडलेली एक जात बऱ्याच खटपटीनंतर त्यांच्या हाती लागली होती. तिला त्यांनी नाव दिलं सेक-एक. ही पेशी पंचवीस अंशांच्या आसपास नीट जगते. तापमान सदतीस अंशांवर नेलं की तिचं बाहेर माल पाठवणं ठप्प होतं. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून सांगतो: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ही पेशी इवल्या इवल्या फुग्यांनी गच्च भरलेली दिसते. एरवी पेशीत असे फुगे थोडेच असतात. ते प्रथिनं भरून पेशीच्या आवरणापर्यंत जातात, त्याला चिकटून एकजीव होतात आणि आतला माल बाहेर पडतो. जीवशास्त्रात त्यांना पिटिका म्हणतात. इथं पिटिका तयार होत होत्या, दारापर्यंत पोचत होत्या, आणि दार उघडत नव्हतं.

या पिटिकांचं आणखी एक काम असतं. त्या आवरणात मिसळतात म्हणून आवरण वाढतं, आणि आवरण वाढतं म्हणून पेशी मोठी होते. तेव्हा पिटिका अडल्या की पेशीचा आकार वाढायचा थांबतो. आत मात्र प्रथिनं बनतच राहतात. जागा तेवढीच, ऐवज वाढत चाललेला. म्हणजे काय होणार? पेशी जड होणार. एवढं लक्षात आल्यावर पुढचं काम यंत्रानं केलं. घनता हळूहळू वाढत जाणाऱ्या द्रवावर पेशी ओतायच्या आणि नळी गरगर फिरवायची. धडधाकट पेशी वर राहतात, तुंबलेल्या खाली जातात. तळाजवळचा थर उचलला की झालं.

मला विचाराल तर शेकमन यांच्या साऱ्या कामातली सर्वांत देखणी गोष्ट हीच. महागडं उपकरण नाही, अगडबंब गणित नाही. बिघडलेली पेशी स्वतःच बुडून आपला पत्ता सांगते.

या युक्तीनं १८८ बिघडलेले वाण मिळाले आणि त्यांची २३ जनुकांत वाटणी झाली. १९८० साली 'सेल' या नियतकालिकात नोविक, चार्ल्स फील्ड आणि शेकमन यांच्या नावानं हा निबंध छापला गेला. आणखीही जनुकं सापडतील, असं त्यात तेव्हाच म्हटलेलं होतं, आणि ती पुढं सापडलीही.

आता थोडं मागं जातो. शेकमन यांचा जन्म १९४८चा, मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉलचा. वाढले ते कॅलिफोर्नियात. शाळकरी वयात लोकांच्या अंगणातलं गवत कापून ते सूक्ष्मदर्शकासाठी पैसे साठवत होते आणि त्या साठ्यातून आई उसने घेत होती. एके दिवशी पोरगा सायकलवरून थेट पोलीस ठाण्यात गेला आणि म्हणाला, मला घरी राहायचं नाही, सूक्ष्मदर्शक घेता येत नाही. आईवडिलांनी त्याला तारण-दुकानातून जुना सूक्ष्मदर्शक घेऊन दिला. तो आज स्टॉकहोमच्या नोबेल संग्रहालयात आहे. स्टॅनफर्डमध्ये आर्थर कॉर्नबर्ग यांच्या हाताखाली डीएनएची नक्कल कशी होते यावर त्यांनी डॉक्टरेट केली. पेशीतलं काम समजून घ्यायचं तर पेशी फोडून त्यातला प्रत्येक घटक वेगळा करा, ही कॉर्नबर्ग यांची शिस्त. ती त्यांच्या अंगात भिनली. मात्र १९७६ साली बर्कलीत आल्यावर त्यांनी यीस्ट निवडलं, आणि यीस्टवर काम केल्याचा त्यांना अनुभव नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे केलेला निधीचा पहिला अर्ज नामंजूर झाला.

या नकाराला फार नावं ठेवायला नकोत. तेव्हाची परिस्थिती पाहा. पेशीतून प्रथिनं कोणत्या वाटेनं बाहेर जातात हे जॉर्ज पॅलाडी यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडाच्या पेशींत दाखवलं होतं आणि त्याबद्दल १९७४ सालचं नोबेल त्यांना विभागून मिळालं होतं. यीस्टमध्ये ही वाट नीटशी दिसतसुद्धा नव्हती. पाव फुगवणाऱ्या या जिवाकडून माणसाच्या पेशीबद्दल काय कळणार, ही शंका अगदीच वेडगळ नव्हती.

ती शंका मिटायला बरीच वर्षं गेली. आधी वाटेचा नकाशा झाला. त्याची रीतही सांगण्यासारखी आहे. एका रस्त्यावर दोन ठिकाणी अडथळे टाकले तर गाड्या कुठं तुंबतील? आधी लागणाऱ्या अडथळ्यापाशी. दोन बिघाड एकाच पेशीत आणायचे, माल कुठं साचतो ते पाहायचं, आणि कोणतं जनुक आधी, कोणतं नंतर हे ठरवायचं. १९८१ साली हा क्रम प्रसिद्ध झाला. तिकडे स्टॅनफर्डमध्ये जेम्स रॉथमन पूर्ण वेगळ्या मार्गानं चालले होते. त्यांनी सस्तन प्राण्यांच्या पेशी फोडून पिटिकांची वाहतूक परीक्षानळीत घडवून आणली आणि त्यासाठी लागणारं एनएसएफ नावाचं प्रथिन शुद्ध केलं. १९८९ साली उघड झालं की हे प्रथिन आणि यीस्टमधल्या सेक-अठरा जनुकाचं प्रथिन ही एकाच घराण्यातली. एक दुसऱ्याच्या जागी काम करू शकतं. यीस्ट आणि प्राणी यांच्या वाटा फुटून सुमारे अब्ज वर्षं झाली, तरी यंत्रणा तीच. रॉथमन, शेकमन आणि चेतापेशींतल्या पिटिकांवर काम करणारे थॉमस स्यूडॉफ यांना २०१३ साली वैद्यकाचं नोबेल मिळालं, त्याचं बीज इथं आहे.

मग या संशोधकाचा प्रभाव किती, हे सांगायचं कसं? मराठीत आपण म्हणतो, अमक्याचं क्षेत्रात वजन आहे. ते वजन कोणत्या तराजूत करायचं?

विद्यापीठांना परिचयाचा तराजू म्हणजे उद्धरणांचा. तुमच्या निबंधाचा दाखला इतरांनी किती वेळा दिला, ते मोजायचं. हे मोजमाप निरुपयोगी नाही, पण त्याची गंमत ऐका. २०१४ साली झालेल्या मोजणीत साऱ्या विज्ञानात सर्वाधिक दाखले मिळालेला निबंध ठरला ऑलिव्हर लौरी आणि सहकाऱ्यांचा, १९५१ सालचा. तीन लाखांहून जास्त दाखले. विषय काय, तर द्रावणात प्रथिन किती आहे ते मोजायची पद्धत. सोयीची पद्धत, रोज लागणारी. पण तिनं पेशीबद्दलची समज इतर कशाहीपेक्षा जास्त पालटली, असं कोणीच म्हणणार नाही.

दुसरा तराजू म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर. तो संशोधकाचा नसून नियतकालिकाचा असतो. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना यंदा मिळालेले दाखले, भागिले त्या निबंधांची संख्या. समजा शंभर निबंध आणि चारशे दाखले, तर आकडा आला चार. त्यातले तीनशे दाखले पाचच निबंधांना मिळालेले असू शकतात. उरलेले पंचाण्णव त्यांच्या पाठीवर बसून चार आकड्याचे मानकरी. दाखल्यांची सूची काढणारे यूजीन गारफील्ड यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली ती कोणती नियतकालिकं त्या सूचीत घ्यावीत हे ठरवायला. पुढं तीच फूटपट्टी माणसांना लावली गेली. निबंध कुठं छापला यावर नोकरी, बढती, निधी.

म्हणून ९ डिसेंबर २०१३ या दिवसाचं मला अप्रूप वाटतं. दुसऱ्या दिवशी स्टॉकहोममध्ये राजाच्या हस्ते पदक घ्यायचं आहे, आणि आदल्या दिवशी शेकमन यांचा लेख ब्रिटनच्या 'गार्डियन'मध्ये येतो: माझी प्रयोगशाळा यापुढं 'नेचर', 'सेल' आणि 'सायन्स' यांना निबंध पाठवणार नाही. ही नियतकालिकं मोजक्याच प्रती काढून मागणी फुगवणाऱ्या फॅशनच्या पिशव्यांसारखी वागतात, असं त्यांचं म्हणणं. डोळ्यांत भरणारे विषय पुढं येतात आणि कंटाळवाणं पण गरजेचं काम मागं पडतं.

टीका लगेच झाली, आणि ती झोंबणारी होती. तुमचा स्वतःचा पायाभूत निबंध 'सेल'मध्येच आला ना? शिवाय तेव्हा शेकमन 'इलाइफ' या नव्या, सर्वांना मोफत वाचता येणाऱ्या नियतकालिकाचे मुख्य संपादक होते. हॉवर्ड ह्यूज संस्था, मॅक्स प्लांक सोसायटी आणि वेलकम ट्रस्ट या संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या संस्थांनी ते २०१२ साली सुरू केलं होतं. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचीच निंदा. माझ्या मते या दोन्ही आक्षेपांत दम कमी आहे. शिडी चढलेल्या माणसालाच शिडी कुठं मोडकी आहे ते ठाऊक असतं. खरा आक्षेप तिसरा. नोबेल मिळालेल्या माणसाला बहिष्कार परवडतो. त्याच्या प्रयोगशाळेतल्या सव्वीस वर्षांच्या मुलीला उद्या नोकरी मागायची आहे आणि निवड समितीच्या हातात जुनीच फूटपट्टी आहे. या आक्षेपाला एकट्या माणसाच्या निश्चयानं उत्तर देता येत नाही.

त्या मुलामुलींचा विषय निघालाच आहे तर सांगतो. उद्धरणांच्या कोणत्याही तराजूत न बसणारा मोठा ऐवज त्यांच्यात आहे. नोविक यांनी पुढं पिटिकांना वाट दाखवणाऱ्या प्रथिनांवर स्वतंत्र काम उभं केलं. स्कॉट एम्र डॉक्टरेटनंतर शेकमन यांच्याकडे आले आणि नंतर पेशीतल्या मोडीत काढायच्या प्रथिनांची वाट शोधली. रे डेशे यांनी विद्यार्थी असताना बाहेर जायच्या प्रथिनांना या वाटेवर आत घेणाऱ्या पहिल्या दाराचं सेक-एकसष्ट हे जनुक शोधण्यात भाग घेतला. पुढं ते प्रथिनांचा नाश कसा होतो या विषयाकडे वळले. एकाच खोलीत शिकलेली तीन माणसं, तीन वेगळ्या दिशा.

आणि रुग्ण? २००६ साली चेहऱ्याच्या आणि कवटीच्या हाडांचा एक दुर्मीळ आनुवंशिक विकार सेक-तेवीस-ए या मानवी जनुकातल्या दोषामुळे होतो, असं दिसलं. सेक-तेवीस हे मूळ यीस्टच्या यादीतलं नाव. पेशीतल्या पहिल्या टप्प्यावर पिटिकेभोवती जे कवच चढतं, त्यातलं ते एक प्रथिन. ते कवच शेकमन यांच्या प्रयोगशाळेनं १९९४ साली परीक्षानळीत जुळवून दाखवलं होतं.

घरचं दुःखही या कामात मिसळलं. बहीण आणि आई कर्करोगानं गेल्या. नोबेलचे पैसे त्यांनी बर्कलीत त्या दोघींच्या नावानं अध्यासन उभारायला दिले. पत्नी नॅन्सी पार्किन्सननं आजारी होत्या, २०१७ साली गेल्या. त्यानंतर शेकमन पार्किन्सनवरच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संशोधन उपक्रमाचे वैज्ञानिक प्रमुख झाले. तिथं निधी घेणाऱ्यांना एक अट असते: निबंध नियतकालिकाकडे पाठवतानाच तो सर्वांसाठी खुला करायचा.

पार्किन्सनमध्ये अल्फा-सिन्यूक्लिन नावाचं प्रथिन मेंदूच्या पेशींत साचतं आणि एका पेशीतून दुसरीकडे पसरतं, असं मानतात. ते पेशीबाहेर पडतं कसं? गंमत अशी की आयुष्यभर त्यांनी आखलेली वाट ते धरतच नाही. पिटिकांच्या त्या रांगेत ते उभं राहत नाही. २०२३ साली त्यांच्या गटानं या आडवाटेवरचा एक निबंध काढला. छापला 'इलाइफ'मध्ये. त्याच वर्षी 'इलाइफ'नं निबंध स्वीकारणं-नाकारणं बंद करून परीक्षकांची मतं उघड छापायची पद्धत आणली, आणि २०२४च्या अखेरीस इम्पॅक्ट फॅक्टर ठरवणाऱ्या कंपनीनं कळवलं की या नियतकालिकाला यापुढं तो आकडा मिळणार नाही.