लॉकरबी : शिक्षेचा अधिकार आणि दयेचा अधिकार

२१ डिसेंबर १९८८ च्या संध्याकाळी लंडनहून न्यूयॉर्कला निघालेले पॅन अ‍ॅम कंपनीचे १०३ क्रमांकाचे विमान स्कॉटलंडमधल्या लॉकरबी या छोट्या गावावर सुमारे ३१ हजार फुटांवर असताना बॉम्बस्फोटाने फुटले. विमानातले २५९ आणि जमिनीवरचे ११, अशा २७० जणांचा त्यात मृत्यू झाला. मृतांपैकी १९० अमेरिकन होते. परदेशातले सत्र संपवून नाताळसाठी घरी परतणारे सिराक्यूज विद्यापीठाचे ३५ विद्यार्थीही त्यांतच होते.

कपडे, पुस्तके, नातेवाइकांसाठी घेतलेल्या भेटवस्तू असे सामान मैलोन्‌मैल शेतांत आणि घरांच्या छपरांवर विखुरले होते. तपासासाठी ज्यांची गरज उरली नव्हती ते कपडे लॉकरबीच्या बायकांनी धुतले, वाळवले, इस्त्री करून नीट घड्या घातल्या, आणि मगच ते मृतांच्या घरच्यांकडे पाठवले गेले. या बायकांना हे करायला कोणत्याही कायद्याने सांगितले नव्हते. याच प्रकरणातल्या दुसऱ्या एका दयेवरून पुढे देशादेशांत वाद पेटला, आणि ती दया मात्र पूर्णपणे कायद्याच्या चौकटीतली होती.

नोव्हेंबर १९९१ मध्ये स्कॉटलंड आणि अमेरिका यांनी एकाच वेळी अब्देल बासेत अल-मेग्राही आणि लामीन खलिफा फहिमा या दोन लिबियन नागरिकांवर आरोप ठेवले. कर्नल गद्दाफी यांच्या राजवटीने त्यांना ताब्यात द्यायला नकार दिला. हा नकार निव्वळ आडमुठेपणाचा होता, असे म्हणता येत नाही. विमानांवरील हल्ल्यांविषयीचा १९७१ चा मॉन्ट्रियल करार सदस्य देशांना दोन पर्याय देतो : आरोपीला दुसऱ्या देशाच्या स्वाधीन करावे, किंवा आपल्याच यंत्रणेपुढे त्याच्यावर खटल्याची कारवाई करावी. आपला कायदा स्वतःच्या नागरिकांना परक्या देशाकडे सोपवू देत नाही, तेव्हा आपण दुसरा पर्याय स्वीकारतो, असे लिबियाचे म्हणणे होते. कागदावर हा युक्तिवाद भक्कम होता. परंतु आरोपाचा रोख लिबियाच्याच गुप्तचर यंत्रणेकडे असताना त्याच राजवटीने चालवलेल्या खटल्यावर मृतांच्या कुटुंबांनी विश्वास कसा ठेवायचा, या प्रश्नाला त्या युक्तिवादात उत्तर नव्हते.

मार्च १९९२ मध्ये लिबियाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. तिथल्या तातडीच्या सुनावणीचा निर्णय यायचा होता, तोच ३१ मार्चला सुरक्षा परिषदेने ७४८ क्रमांकाचा ठराव करून लिबियावर निर्बंध लादले, आणि दोन आठवड्यांनी न्यायालयाने लिबियाने मागितलेले अंतरिम संरक्षण, म्हणजे अंतिम निकालापर्यंतचा तात्पुरता दिलासा, नाकारले. आरोप करणारी अमेरिका आणि स्कॉटलंड ज्याचा भाग आहे ते ब्रिटन, हे दोघेही परिषदेत नकाराधिकार बाळगून होते, ही बाब नजरेआड करता येत नाही. लिबियाने सार्वभौमत्वाची ढाल केली हे खरे असले, तरी ती ढाल बाजूला सारणारा हातही तटस्थ नव्हता.

कोंडी फुटायला सात वर्षे लागली. नेदरलँड्समधल्या कॅम्प झाइस्ट या जुन्या हवाई तळावर, स्कॉटिश कायद्यानुसार, तीन स्कॉटिश न्यायाधीशांपुढे आणि ज्युरीविना खटला चालवावा, असा तोडगा निघाला. नेल्सन मंडेला यांनी मध्यस्थी केली आणि ५ एप्रिल १९९९ रोजी दोघे आरोपी स्वाधीन झाले. ३१ जानेवारी २००१ रोजी मेग्राही यांना जन्मठेप झाली. फहिमा निर्दोष सुटले. मेग्राही यांना किमान २७ वर्षे तुरुंगात काढावी लागतील, असे पुढे ठरले. २००३ मध्ये लिबियाने आपल्या अधिकाऱ्यांच्या कृत्यांची जबाबदारी स्वीकारली आणि प्रत्येक मृतामागे एक कोटी डॉलरपर्यंत भरपाई मान्य केली.

२००८ मध्ये मेग्राही यांना प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग असल्याचे निदान झाले. त्यानंतर स्कॉटलंडचे न्यायमंत्री केनी मॅकअ‍ॅस्किल यांच्यापुढे दोन अर्ज आले. पहिला अर्ज ब्रिटन आणि लिबिया यांच्यातल्या कैदी-हस्तांतरण कराराखालचा होता, तर दुसरा स्कॉटलंडच्या १९९३ च्या कायद्यानुसार, मरणासन्न कैद्याला दयेच्या आधारावर सोडण्याविषयीचा होता. शिक्षा स्कॉटलंडमध्येच भोगली जाईल अशी अमेरिकी कुटुंबांची खात्री होती, या कारणाने मंत्र्यांनी पहिला अर्ज फेटाळला. त्याच दिवशी, २० ऑगस्ट २००९ रोजी, दुसरा अर्ज मात्र मंजूर केला. कैद्याला सोडून स्कॉटलंडमध्येच ठेवता येईल का, याचीही चौकशी झाली होती. त्यासाठी किमान ४८ पोलिसांचा बंदोबस्त लागेल, असा अभिप्राय आला. मेग्राही यांनी आपल्या बळींना कोणतीही दया दाखवली नव्हती, पण तेवढ्यावरून आपण ती नाकारावी असे होत नाही, ही मंत्र्यांची भूमिका होती.

त्रिपोलीच्या विमानतळावर मेग्राही यांचे जल्लोषात स्वागत झाले आणि त्या गर्दीत स्कॉटलंडचे झेंडेही फडकले. ती दृश्ये पाहून अमेरिकेत संतापाची लाट उसळली. एफबीआयचे संचालक रॉबर्ट म्युलर यांनी न्यायमंत्र्यांना कठोर शब्दांत पत्र लिहिले. पुढच्या वर्षी अमेरिकी सिनेटच्या समितीने साक्षीसाठी बोलावले, तेव्हा आपण फक्त स्कॉटलंडच्या संसदेला उत्तरदायी आहोत, असे सांगून स्कॉटिश मंत्र्यांनी जाणे नाकारले. स्कॉटलंड हे काही स्वतंत्र राष्ट्र नव्हे; परराष्ट्र धोरण लंडनच्या हाती आहे. मात्र इंग्लंडशी झालेल्या १७०७ च्या एकीकरणातही त्याची न्यायव्यवस्था वेगळी राहिली, आणि त्या बळावर एका प्रांतिक सरकारने महासत्तेला ठाम उत्तर दिले.

त्या संतापाला सरसकट सूड म्हणणे मला अन्यायाचे वाटते. न्यायालयाने दिलेली शिक्षा पूर्ण व्हावी, एवढीच ज्या आईची मागणी आहे, ती आई सूडाची भाषा बोलत नाही. दुसऱ्या बाजूला, याच हल्ल्यात मुलगी गमावलेले ब्रिटिश डॉक्टर जिम स्वायर यांची मेग्राही निर्दोष असल्याची खात्री पटली होती आणि त्यांनी सुटकेचे स्वागत केले. खटल्याच्या निकालाविषयी शंका घेणारे ते एकटे नव्हते. २००७ मध्ये, चुकीच्या शिक्षेची शक्यता तपासणाऱ्या स्कॉटलंडच्याच फेरतपासणी आयोगाने प्रकरण पुन्हा अपिलाकडे पाठवले होते. ते अपील मेग्राही यांनी सुटकेच्या काही दिवस आधी मागे घेतले. त्यामुळे जो प्रश्न खुल्या न्यायालयात तपासला जायला हवा होता तो त्या वेळी अर्धवट राहिला, आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणातली खरी हानी सुटकेपेक्षा हीच आहे. मृत्यूनंतर कुटुंबीयांनी केलेले अपील २०२१ मध्ये फेटाळले गेले.

सुमारे तीन महिने जगतील या अंदाजावर सोडलेले मेग्राही २० मे २०१२ रोजी, म्हणजे दोन वर्षे नऊ महिन्यांनी, त्रिपोलीत मरण पावले. वैद्यकीय अंदाज चुकला, म्हणून दया देणेच चूक ठरते, असे मी मानत नाही. मात्र ती दया राज्यसंस्थेने स्वतःच्या कायद्यानुसार, स्वतःच्या कैद्याला दिली होती; मृतांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार तिच्याकडे नव्हता आणि कुटुंबांनी आपला राग सोडून द्यावा, असे म्हणण्याचाही नव्हता.

डिसेंबर २०२२ मध्ये बॉम्ब तयार केल्याचा आरोप असलेले अबू अगीला मसूद हे तिसरे लिबियन अमेरिकेच्या ताब्यात आले. त्यांनी आरोप नाकारले आहेत. लिबिया आणि अमेरिका यांच्यात आरोपी-हस्तांतरणाचा करार नसताना त्यांना नेले कसे, यावरून लिबियातच गदारोळ उठला. आपल्या नागरिकावर कोठे खटला चालावा हे त्याच्या देशाने ठरवायचे की इतरांनी, याच प्रश्नासाठी लिबिया १९९२ मध्ये हेगला गेला होता. २००३ च्या समझोत्यानंतर तो दावा मागे घेतला गेला, आणि मूळ प्रश्नावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल आलाच नाही.